ल्योंमध्ये पाच दिवस: बॉस्टनची भूक, फ्रान्सचं घड्याळ

गुरुवार

बॉस्टनहून रात्रीचं विमान धरलं की सकाळी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरायचं आणि विमानतळाच्याच स्टेशनातून ‘तेजेव्हे’, म्हणजे अतिवेगवान रेल्वेगाडी, पकडायची. साधारण दोन तासांत ल्यों पार-दिय स्टेशन येतं. अमेरिकन प्रवासी हॉटेलवर सामान टाकतो, तोंड धुतो आणि दुपारी सव्वादोनला जेवायला बाहेर पडतो. पहिली गल्लत इथेच होते.

बॉस्टन ल्योंच्या सहा तास मागे आहे. तिथे सकाळी आठला लागणारी न्याहारीची भूक इथे दुपारी दोनला जागी होते आणि तिथली बाराच्या जेवणाची भूक इथे संध्याकाळी सहाला. ल्योंची स्वयंपाकघरं नेमकी याच दोन वेळांना बंद असतात. दुपारचं जेवण बारा ते दोन. त्यातही ऑर्डर दीड-पावणेदोनपर्यंतच घेतली जाते. रात्रीचं साडेसातला सुरू होतं आणि बहुतेक ठिकाणी साडेनऊ-दहानंतर नवीन माणसाला बसवत नाहीत. मधल्या वेळात दार उघडं दिसलं, आत माणसं हलताना दिसली, तरी चूल बंद असते. ही आडमुठेपणाची गोष्ट नाही. लहान रेस्टॉरंटात दोन-तीन माणसंच दोन्ही वेळचा स्वयंपाक करतात. दुपारची भांडी आवरून ती रात्रीच्या रस्स्यांना लागतात आणि पाहुणे येण्याआधी स्वतः जेवून घेतात.

अशा वेळी तीन वाटा उरतात. पहिली बेकरी: लोणी आणि हॅम घातलेला लांब पावाचा सँडविच, किंवा चीजचा. दुसरी, ज्या ब्रासेरीच्या (मोठ्या, साध्या रेस्टॉरंटच्या) दारावर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’, म्हणजे अखंड सेवा, असं लिहिलेलं असतं ती. तिसरी म्हणजे कॅफेत नुसती कॉफी घेऊन साडेसातपर्यंत कळ काढणं. आमचा सल्ला बेकरीचा. पोट अर्धं भरतं आणि रात्रीच्या जेवणाला जागा राहते. पहिल्या रात्री मोठा बेत ठरवू नये. साडेसातचं टेबल घ्यावं, एखादाच पदार्थ मागवावा आणि दहाच्या आत झोपावं.

शुक्रवार

आज दुपारी बूशों. बूशों म्हणजे ल्योंची खानावळ. चौकड्यांचा टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटून लावलेली टेबलं, भिंतीवर तांब्याची भांडी. इथला स्वयंपाक रेशीम विणणाऱ्या कामगारांच्या, म्हणजे ‘कानूं’च्या, ताटातून आला आहे. महाग मांस श्रीमंतांकडे जायचं, आतडी, काळीज, खूर, डोकं हे कामगारांच्या वाट्याला यायचं. त्यातून पदार्थ घडवले बायकांनी. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या अनेकजणींनी नंतर स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या मेरपैकी सर्वांत मोठं नाव एजेनी ब्राझिए यांचं. त्यांनी १९२१ मध्ये र्यू रॉयाल या रस्त्यावर रेस्टॉरंट उघडलं आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन रेस्टॉरंटांना मिशेलॅं या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण सहा तारे मिळाले.

बूशोंचं टेबल आधी राखून ठेवावं लागतं. शुक्रवार दुपारसाठी दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर बहुधा मिळतं. शनिवार रात्रीसाठी दोन आठवडे आधीच बघावं. दारातून आत शिरल्यावर रिकाम्या टेबलाकडे सरळ चालत जायचं नाही. थांबायचं, ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं, किती माणसं ते सांगायचं. हा ‘बोंझूर’ फार महत्त्वाचा. तो न म्हणता थेट मागणी केली तर समोरचा माणूस दुखावतो आणि मग पुढचा तासभर त्याच्या वागण्यात थंडपणा राहतो. अमेरिकन प्रवासी परत जाऊन ‘फ्रेंच लोक उद्धट आहेत’ म्हणतात, त्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या न म्हटलेल्या एका शब्दात असतं असं आम्हांला वाटतं. वाढणाऱ्याला ‘गार्सों’ अशी हाक मारायची नाही. नजरानजर करून ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, म्हणायचं.

मग कार्ड हातात येतं आणि शब्दांचा घोळ सुरू होतो. अमेरिकेत ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ म्हणजे जेवणाची सुरुवात. मुख्य पदार्थ तो ‘प्ला’. अमेरिकन माणूस ‘आंत्रे’च्या यादीतून मुख्य जेवण समजून काहीतरी मागवतो आणि समोर सॅलड येतं. दुसरा शब्द ‘मेन्यू’. इथे पदार्थांच्या यादीला ‘कार्त’ म्हणतात. ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं तीन पदार्थांचं जेवण, बूशोंत साधारण २५ ते ३५ युरोंना. ‘मेन्यू द्या’ म्हणून यादी मागितली तर वाढणारा समजतो की पाहुण्याने ठरावीक जेवण निवडलं. दुपारी फक्त दोन पदार्थांचा स्वस्त संच असतो, तो ‘फॉर्म्यूल’. फळ्यावर खडूने लिहिलेला ‘प्ला द्यु झूर’, म्हणजे त्या दिवशीचा पदार्थ, हा दुपारचा सर्वांत शहाणा पर्याय. तो सकाळीच शिजवून ठेवलेला असतो, लवकर येतो आणि ताजा असतो.

काय मागवावं? सुरुवातीला सलाद ल्योनेज: कडवट कुरळी पानं, तळलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, भाजलेल्या पावाचे चौकोन आणि वर बिनकवचाचं उकडलेलं अंडं. अंडं फोडून पिवळं पानांत कालवायचं, म्हणजे पानांचा कडूपणा मरतो. अंडं अख्खं बाजूला ठेवून पानं खाणाऱ्याला हे सॅलड आवडत नाही, आणि ते साहजिक आहे.

मुख्य पदार्थ म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याने केनेल घ्यावी. पाइक या नदीतल्या काटेरी माशाचं मांस वाटून त्यात पीठ, दूध, लोणी आणि अंडी मिसळतात, लांबट गोळे करून पाण्यात हलके उकळतात आणि मग रश्श्यात घालून भट्टीत ठेवतात. भट्टीत ती फुगून जवळजवळ दुप्पट होते. सोबतचा ‘नांतुआ’ रस्सा गोड्या पाण्यातल्या लहान शेवंड्यांच्या लोण्याचा. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून उशीर झाला तर उतावीळ व्हायचं नाही. टेबलावर आल्यावर ती हळूहळू खाली बसते, तेव्हा फोटो काढत बसू नये. मात्र आतला भाग वरच्यापेक्षा कितीतरी गरम असतो, पहिला घास छोटा घ्यावा.

आंदुयेतच्या बाबतीत जपून. नाव आणि आकार सॉसेजचा, म्हणून अमेरिकन माणूस निर्धास्तपणे मागवतो. आत आतड्याच्या पट्ट्या असतात आणि वास उग्र असतो. ‘ताब्लिए द सापर’ त्या मानाने सोपा. गाईच्या पोटाचा तुकडा पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. नावाचा अर्थ आहे खंदक खणणाऱ्या सैनिकाचा चामडी एप्रन. वजडी खाल्लेल्या मराठी माणसाला तो परका वाटणार नाही, शिकागोच्या माणसाला वाटेल.

बीफचा तुकडा मागवलात तर किती शिजवू ते विचारतील: ‘ब्लो’ जवळजवळ कच्चा, ‘सेन्यां’ आत लाल, ‘आ प्वां’ आणि ‘ब्यां क्वी’. अमेरिकन ‘मीडियम’चं भाषांतर ‘आ प्वां’ असं करतात आणि तुकडा आतून लालसर आला की परत पाठवतात. फ्रेंच मोजमाप अमेरिकन मोजमापापेक्षा एक पायरी कच्चं असतं. म्हणून नेहमीच्या सवयीपेक्षा एक पायरी पुढचं मागावं.

शाकाहारी माणसाला बूशोंत कठीण जातं आणि ते आधीच सांगितलेलं बरं. मसुराच्या सॅलडमध्येही मांसाचे तुकडे असतात. ‘सेर्व्हेल द कानू’ मात्र चालेल. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, पण त्यात मेंदूचा कण नाही. मऊ ताजं चीज फेटून त्यात बारीक चिरलेले छोटे कांदे, कांद्याची पात, लसूण, तेल, थोडं व्हिनेगर, मीठ, मिरी. आपल्या चक्क्यात साखर-वेलचीऐवजी हे सगळं घातलं तर जवळपास तेच होईल. सोबत उकडलेले बटाटे मागावेत. अंडं, चीज न खाणाऱ्याने बूशोंऐवजी दुसरीकडे जावं.

पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणावं. नळाच्या पाण्याची सुरई येते, पैसे पडत नाहीत. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येऊ शकते, आणि ती बिलात दिसते. बर्फ येत नाही. पाव फुकट आणि पुन्हा मागितला तरी फुकट. त्यासाठी वेगळी बशी नसते, तो सरळ टेबलक्लॉथवर ठेवायचा. लोणीही बहुधा येत नाही, कारण पाव आहे रस्सा पुसून खायला. वाइन ‘पो’मध्ये येते. जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली, ल्योंची खास. दोघांना दुपारी एक पो पुरतो. मोकळा हात मांडीवर ठेवायची अमेरिकन सवय इथे विचित्र दिसते, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकलेली हवीत.

कॉफी गोडानंतर येते, गोडाबरोबर नाही. ‘काफे’ म्हणजे एस्प्रेसोचा छोटा कप. मोठी हवी तर ‘अलोंजे’. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. अर्धा तास वाट बघत चिडलेले अमेरिकन प्रवासी बूशोंत नेहमी दिसतात. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ एवढं म्हटलं की झालं.

छापलेल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. अमेरिकेत ६० डॉलरच्या जेवणावर आधी विक्रीकर चढतो आणि मग १८-२० टक्के टिप. इथे दोघांचं बिल ६० युरो आलं तर ६० युरोच द्यायचे. जेवण आवडलं तर दोन-तीन युरोंची नाणी टेबलावर ठेवावीत, १२ युरो नाही. कार्डाचं यंत्र टेबलाशी आणतात. त्यावर डॉलर की युरो असं विचारलं तर युरो निवडावा. डॉलर निवडला की यंत्रवाल्याचा दर लागतो आणि तो महाग पडतो. उरलेलं अन्न बांधून मागायला फ्रान्समध्ये लोक कचरायचे. जुलै २०२१ पासून मागणाऱ्याला डबा देणं रेस्टॉरंटांना कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा संकोच नको.

शनिवार

सकाळी क्रोआ-रूस टेकडीवर. ‘सी’ मार्गाची मेट्रो दातेरी रुळावरून चढ चढते. मंगळवार ते रविवार सकाळी इथल्या मुख्य रस्त्यावर बाजार भरतो. इथल्या जुन्या घरांची छतं चार मीटर उंच आहेत, कारण कापडात नक्षी विणणारा जकार्डचा माग तेवढा उंच असायचा. तो माग ल्योंच्याच जकार्डने १८०४ च्या सुमारास तयार केला. येवल्याच्या मागांवर आज बसवतात ते जकार्ड त्याचंच.

रात्रपाळी करून आलेले कानू सकाळी जे जड जेवण घ्यायचे त्याला ‘माशों’ म्हणतात. काही बूशों ते अजूनही शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास वाढतात: सुकवलेल्या सॉसेजच्या चकत्या, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, गरम वजडी, सेंट-मार्सेलॅं चीज आणि बोझोले वाइन. न्याहारीला अंडी आणि पॅनकेक शोधणाऱ्या अमेरिकन माणसासाठी खरं तर हाच जवळचा पर्याय आहे, कारण इतर दिवशी सकाळी कॉफी आणि क्रुआसाँ यांपलीकडे फारसं काही मिळत नाही. माशों घेतला तर दुपारचं जेवण रद्द करावं. दोन्ही झेपत नाहीत.

एक बारीक गोष्ट. चौकातल्या कॅफेत बाहेरच्या टेबलावर आपण होऊन बसता येतं, पण बारा वाजता ज्या टेबलांवर सुरी-काटे मांडले जातात ती फक्त जेवणाऱ्यांची. तिथे बसून एक कॉफी मागितली की उठवतात.

संध्याकाळी सातला तेरो चौकात ‘आपेरो’, म्हणजे जेवणाआधीचं पेय. चौकात चार घोडे उधळवणारं कारंजं आहे ते बार्थोल्दीचं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणारा तोच. बूशोंच्या पठडीतलं पेय म्हणजे ‘कोम्युनार’, लाल वाइनमध्ये काळ्या बेदाण्यासारख्या कासिस फळाचं गोड मद्य. पांढऱ्या वाइनमधलं ते ‘कीर’. फ्रान्समध्ये वयाची अट १८ वर्षांची आहे. घरी २१ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागणारी अमेरिकन विद्यार्थी मंडळी पहिल्याच रात्री वाहवत जातात. आपेरो एका पेल्याचा असतो, त्याबरोबर ऑलिव्ह किंवा सॉसेजच्या चकत्या असतात, आणि तो जेवणाची भूक उघडायला असतो.

जेवणानंतर तीन ठिकाणं. र्यू लांतेर्नवरचा हॉट क्लब द ल्यों हा १९४८ पासून चालणारा जॅझ क्लब, तळघरात. रोन नदीच्या डाव्या काठाला नांगरलेल्या बोटींवर बार आहेत, उन्हाळ्यात डेकवर बसायला जागा मिळवायची तर दहाच्या आत पोचावं. आणि रोन आणि सोन या नद्यांच्या संगमापाशी, साखरेच्या जुन्या गोदामाच्या छतावर ‘ल स्युक्र’. तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत असतं आणि गर्दी उशिराच जमते, अकराला गेलात तर नाचायची जागा रिकामी दिसेल. परतीच्या मेट्रोची वेळ निघण्यापूर्वी बघून ठेवावी. बोटींवरून हॉटेलपर्यंत बहुधा पायीही जाता येतं, संगमावरून ते लांब पडतं.

रविवार

आज सगळी खरेदी सकाळीच. सोनच्या काठी सेंट-आंत्वानचा बाजार दुपारी एकच्या सुमाराला उठतो. कोंबडी भाजणाऱ्याच्या गाडीखालच्या ट्रेमध्ये टपकणाऱ्या चरबीत बटाटे शिजत असतात, ते आवर्जून घ्यावेत. बाजारात फळाला हात लावायचा नाही. विक्रेता विचारतो आज खायचंय की उद्या, आणि त्याप्रमाणे निवडून देतो. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

मग पार-दियजवळचा ‘ले आल द ल्यों पोल बोक्यूझ’ हा झाकलेला बाजार. रविवारी तोही दुपारपर्यंतच. बोक्यूझ हे ल्योंचे सर्वांत प्रसिद्ध आचारी, २०१८ मध्ये गेले. तरुणपणी ते एजेनी ब्राझिए यांच्याकडे शिकले. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाले तेव्हा अमेरिकन रुग्णालयात त्यांना अमेरिकन सैनिकांचं रक्त चढवलं गेलं, आणि ते ऋण ते पुढे कायम सांगत. त्यांनी १९८७ मध्ये ल्योंमध्ये सुरू केलेली ‘बोक्यूझ द’ऑर’ ही आचाऱ्यांची स्पर्धा २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघाने जिंकली. बाजारात सेंट-मार्सेलॅं विकत घेताना बोटाने दाबून न बघता ‘आजसाठी’ म्हणून सांगावं. आज खायचं असेल तर बशीत पसरण्याइतकं मऊ मिळतं. ‘तार्त ओ प्रालिन’चा लालभडक रंग बघून घाबरू नये. साखरेत रंगवलेले बदाम सायीत शिजवून केलेला तो गोड टार्ट आहे, आणि दोघांत एक तुकडा पुरेसा होतो.

रविवारची संध्याकाळ ही ल्योंमधली सर्वांत अवघड वेळ. रविवार रात्र आणि सोमवार हे अनेक रेस्टॉरंटांचे सुट्टीचे दिवस. अमेरिकेत रविवार हा बाहेर खाण्याचा दिवस, त्यामुळे प्रवासी गाफील असतो आणि आठ वाजता जुन्या ल्योंच्या गल्ल्यांत फिरायला लागतो. तिथे उघडी असलेली काही ठिकाणं चार भाषांतली फोटोवाली पाटी बाहेर ठेवून पर्यटकांना बोलावत असतात. तिथे जाऊ नये. त्यापेक्षा गियोतियेर भागात जावं. आशियाई आणि आफ्रिकी दुकानं-भोजनालयांची ही वस्ती रविवारीही जागी असते, आणि शाकाहारी माणसाला पाच दिवसांतलं सर्वांत मोकळं जेवण इथेच मिळेल. फ्रेंचच हवं असेल तर पेराश स्टेशनाशेजारची, १८३६ साली सुरू झालेली ब्रासेरी जॉर्ज. भलं मोठं दालन, त्यामुळे जागाही सहज मिळते.

सोमवार

सोमवारी झाकलेला बाजार बंद, दोन्ही भाजीबाजारही बंद. घरी न्यायचं ते काल घेतलेलं असावं. सुकवलेलं ‘रोझेत’ सॉसेज अमेरिकेत नेता येत नाही. बॅगेत सापडलं तर काढून घेतात आणि जाहीर केलेलं नसेल तर दंड होतो. कठीण चीज चालतं, पण तेही जाहीर करावं. मऊ सेंट-मार्सेलॅं हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाच्या नियमात अडकू शकतं, ते आदल्या रात्रीच खाऊन टाकलेलं बरं. लाल प्रालिन बदामांची पिशवी मात्र बिनधास्त न्यावी.

गाडी दुपारी एकची असेल तर बाराच्या ठोक्याला स्टेशनाजवळच्या बेकरीत रांगेत उभं राहायचं, ‘बोंझूर’ म्हणायचं आणि सँडविच मागायचा. सव्वाबाराला रांग दारापर्यंत येते आणि साडेबाराला चीजचे सँडविच संपलेले असतात.